कॉलेज निवडताय? सांगली-साताऱ्यातल्या विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

सीईटीचा निकाल लागला की विश्रामबागेपासून पोवई नाक्यापर्यंत एकच विषय असतो: कोणाला कुठं मिळतंय? मामा, क्लासचे सर, शेजारचा इंजिनिअर झालेला दादा, सगळे सल्ला देतात. हेतू चांगलाच असतो, पण माहिती बहुधा जुनी आणि ऐकीव असते. कटऑफ असो, फी असो की प्लेसमेंट, प्रत्येक दाव्याचा लेखी पुरावा कुठंतरी असतोच. तो न बघता ठरवलं की पुढच्या चुका सुरू होतात. इथं जास्त भर इंजिनिअरिंगवर दिलाय, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथंच होतो.

कटऑफचा आकडा बघणं, पण त्यावरची अक्षरं सोडणं

'वालचंदला (सांगलीचं अभियांत्रिकी कॉलेज) कॉम्प्युटर इतक्या पर्सेंटाइलला बंद झालं' हे अर्धवट वाक्य आहे. कोणत्या फेरीत? कोणत्या प्रवर्गाला? सीईटी सेलच्या संकेतस्थळावर आधीच्या वर्षांच्या प्रत्येक फेरीची पीडीएफ असते. तिथं प्रत्येक आकड्याच्या वर 'जी-ओपन-एच', 'एल-ओबीसी-एस' असे संकेत दिसतात. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण जागा, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्गाचा. शेवटच्या अक्षरात एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाच्या क्षेत्रातले विद्यार्थी, एस म्हणजे राज्यस्तर. खाली मेरिट नंबर आणि कंसात पर्सेंटाइल असतं. जागा नंबरानुसार भरतात, म्हणून तुलना मेरिट नंबरशी करा आणि किमान तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी लिहा.

होम युनिव्हर्सिटीत बरेच जण फसतात. सांगली, सातारा आणि कोल्हापूर हे जिल्हे शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात. पण दहावी-बारावी महाराष्ट्रात झालेल्यांची होम युनिव्हर्सिटी बारावी कुठल्या कॉलेजातून झाली यावर ठरते, घर कुठं आहे यावर नाही. तासगावचा मुलगा बारावी लातूरहून झाला असेल, तर त्याचं होम नांदेडचं विद्यापीठ. स्वायत्त नसलेल्या कॉलेजांत ७० टक्के जागा होमच्या आणि ३० टक्के बाहेरच्यांच्या असल्यानं हा फरक चांगलाच जाणवतो. अकरावीला बाहेरगावी पाठवताना हा हिशोब क्वचितच कोणी मांडतं.

ऑप्शन फॉर्म उलट्या क्रमानं भरणं

ऑप्शन फॉर्म म्हणजे हव्या असलेल्या कॉलेज-शाखांची पसंतीक्रमानं यादी. सर्वांत महागात पडणारी चूक हीच. 'वरचं काही मिळणार नाही, मग मिळण्यासारखं पहिल्या नंबरला टाकू' असं म्हणून फॉर्म भरला जातो. पण पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की ती जागा आपोआप फ्रीझ होते. ती घ्या नाहीतर कॅपमधून, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, बाहेर पडा, पुढच्या फेऱ्यांचे दरवाजे बंद. २०२५-२६ मध्ये हा नियम आणखी घट्ट झाला: दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी काही मिळालं तरी जागा आपोआप पक्की. नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून यंदाची माहितीपुस्तिका उघडून हाच भाग आधी वाचा.

यंत्रणा तुमची यादी वरून खाली तपासत येते. वरचा अवघड पर्याय मिळाला नाही, तर खालच्या पर्यायावरचा हक्क जात नाही. म्हणून क्रम आवडीचा लावा, कटऑफचा नको. आधी मिळण्याची शक्यता कमी असलेले काही पर्याय, मग तुमच्या मेरिट नंबरच्या आसपासचे भरपूर, शेवटी खात्रीचे काही. आठ-दहा पर्यायांवर थांबणं धोक्याचं. पण जिथं कोणत्याही परिस्थितीत जाणार नाही असं कॉलेज यादी वाढवायला टाकू नका, कारण नेमकं तेच लागतं.

टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या जागेचा, चॉइस कोड वेगळा असतो. शाखेच्या नेहमीच्या कोडबरोबर तोही यादीत टाकावा लागतो. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि हा कोड टाकायचा राहिला, तर माफीची संधीच गेली. या जागेवर प्रवेश घेतल्यावर पुढं शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही, हेही आधी लक्षात घ्या.

आणि फॉर्म स्वतः भरा. नेट कॅफेवाल्याला लॉगिन, पासवर्ड, ओटीपी देऊन घरी येऊ नका. कन्फर्म करण्याआधी प्रिंट काढून प्रत्येक कोड घरातल्या दोघांनी मोठ्यानं वाचून ताडून बघा. एका आकड्याची चूक झाली, तरी सिव्हिलच्या जागी मेकॅनिकल लागू शकतं.

'फी माफ आहे' एवढंच ऐकून जाणं

माफी कशाची, हे विचारा. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. याच उत्पन्नमर्यादेतल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून ट्यूशन फीची निम्मी रक्कम मिळते. यासाठी प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यात गेलात की हे सगळं सोडावं लागतं.

शिवाय डेव्हलपमेंट फी, अनामत रक्कम, होस्टेल, मेस, बस हा खर्च उरतोच. खासगी कॉलेजांची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजवार दिलेली असते. कॉलेजनं सांगितलेला आकडा तिच्याशी जुळवा आणि फरक कशाचा आहे ते विचारा. मग वहीत चार वर्षांचा खर्च मांडा. जत-आटपाडीच्या मुलाला पुण्यात खोली आणि मेस वर्षाचे दहा महिने लागणार. तोच मुलगा सांगलीत किंवा कऱ्हाडला राहिला तर किती वाचतात, हे स्वच्छ दिसतं.

आमचं मत सांगतो: वालचंद (१९४७) किंवा कऱ्हाडचं शासकीय अभियांत्रिकी (१९६०) मिळत असताना, केवळ शहरासाठी पुण्याच्या साध्या खासगी कॉलेजात जाणं बहुतेकांच्या हिताचं नसतं.

जूनमध्येच 'सीट ब्लॉक करू' म्हणून मूळ दाखला आणि मार्कशीट मागणारे भेटतात. देऊ नका. मूळ कागदपत्रं कॉलेजला अडकवून ठेवता येत नाहीत, असा यूजीसीचा नियम आहे.

पॅकेजच्या फलकावर भाळणं

फलकावर सर्वोच्च पॅकेज असतं, ते एका मुलाचं. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजांना भरलेली माहिती आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. ती पीडीएफ शोधा. प्रवेश किती झाले, ठरल्या वेळेत किती उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, मेडियन (क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा) पगार किती आणि उच्च शिक्षणाला किती गेले, हे सगळं त्यात असतं. समजा २४० जणांनी प्रवेश घेतला, १५० वेळेत पास झाले आणि ११० जणांना नोकरी लागली. कॉलेज ७३ टक्के प्लेसमेंट सांगेल आणि ते खोटंही नसेल. पण प्रवेश घेतलेल्यांच्या मानानं ते ४६ टक्के आहे. मधले ९० जण कुठं अडकले, हा प्रश्न कॉलेजला भेट द्याल तेव्हा नक्की विचारा.

दर्जाची मानांकनंही बघा: नॅक संपूर्ण कॉलेजचं असतं, एनबीए मात्र एकेका शाखेचं. नवी एआय-डेटा सायन्सची शाखा असेल आणि एकही तुकडी बाहेर पडली नसेल, तर त्या शाखेला एनबीए नसणारच. अशा वेळी शिकवणारे प्राध्यापक मूळ कोणत्या शाखेचे आहेत ते बघा.

बीएस्सी, बीकॉमवाल्यांनी पदवी कोणाची मिळणार ते विचारावं. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेची काही कॉलेजं आता कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात आहेत, बाकी बरीच शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत. तुम्हाला हवा तो मुख्य विषय शेवटच्या वर्षापर्यंत तिथं चालतो का, हेही पक्कं करा.

कागदपत्रं निकालानंतर काढायला घेणं

जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच द्या. नॉन-क्रिमिलेअर ज्या वर्षी प्रवेश घेताय, ते शैक्षणिक वर्ष संपेल त्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं. मागच्या वर्षीचं घेऊन गेलेले दरवर्षी तहसीलच्या रांगेत दिसतात. आधार आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव अक्षरशः एक आहे ना, तपासा.

प्रवेश झाला म्हणून ढिलं पडणं

पहिल्या सत्रात गणित राहिलं की ते पुढच्या सत्रांच्या अभ्यासावर येऊन पडतं, आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी कंपन्या येतात तेव्हा नडतं. बऱ्याच कंपन्या बॅकलॉग असलेल्यांना बसूच देत नाहीत. म्हणून पहिल्या चाचणीत कमी गुण पडले की त्याच आठवड्यात प्राध्यापकांना गाठा. ७५ टक्के हजेरीचा हिशोब दर महिन्याला स्वतः ठेवा.

रोज एसटीनं येणाऱ्यांसाठी सवलतीचा मासिक पास आहे, भाड्याच्या फक्त एक तृतीयांश रकमेत. मात्र शेवटच्या गाडीसाठी रोज लॅब अर्धवट सोडावी लागत असेल, तर निदान दुसऱ्या वर्षापासून होस्टेलचा विचार करा. ग्रंथालयातला बुक बँकेचा संच सुरुवातीलाच मागा, उशिरा गेलात तर फाटकी पुस्तकं हाती येतात. घरची ओढाताण असेल तर 'कमवा आणि शिका' योजनेची चौकशी करा. रयतच्या कॉलेजांत ही संस्थापक कर्मवीर भाऊराव अण्णांपासूनची परंपरा आहे आणि तिथं काम करण्यात कमीपणा काही नाही.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो. पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात येतात असा समज आहे. प्रत्यक्षात ते आधारशी शेवटी जोडलेल्या बँक खात्यात जातात. कुठं नवं खातं काढताना आधार जोडलं गेलं असेल, तर रक्कम तिकडं जाते. अर्ज करण्याआधी बँकेत किंवा आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडलेली दिसते ते बघा, खातं चालू आहे याची खात्री करा आणि अर्ज कॉलेजच्या लॉगिनमधून पुढं गेला का, हे आठ दिवसांनी पुन्हा तपासा. अनेक अर्ज कॉलेजच्या क्लार्ककडेच अडलेले असतात.