दिवाळी अंकाला कथा पाठवताना: फाइलपासून करारापर्यंत

मुंबईतून 1909 साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक निघाला आणि मराठीत दिवाळी अंकांची परंपरा सुरू झाली. नव्या कथाकाराला अनोळखी वाचक मिळवून देणारी जागा आजही हीच आहे. पण अंकाकडे आलेल्या चांगल्या कथासुद्धा पुष्कळदा किरकोळ कारणांनी बाजूला पडतात. कथा उशिरा येते, तिची लांबी अंकात बसत नाही, किंवा तिची फाइल उघडतच नाही. ही तिन्ही कारणं लेखकाच्या हातातली आहेत.

आधी वेळेचं बघू. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येत असली तरी अंकाची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते. जून-जुलैपर्यंत बहुतेक साहित्य संपादकाच्या हाती आलेलं असतं आणि गणपतीच्या सुमारास पानं लागत असतात. त्या काळात आलेली कथा कितीही चांगली असली तरी तिच्यासाठी जागा काढायची म्हणजे आधी स्वीकारलेलं काहीतरी काढावं लागतं. म्हणून मे महिन्यात कथा तयार हवी.

ती कुठे पाठवायची हे अंक चाळल्याशिवाय ठरवू नका. दादरच्या वाचनालयांत आणि पुस्तकांच्या दुकानांत चौकशी केली तर गेल्या वर्षीचे अंक बघायला मिळतात. जुने अंक पाहायचे असतील तर दादर पूर्वेचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. एका अंकाचे मागचे दोन-तीन दिवाळी अंक घ्या आणि नुसती अनुक्रमणिका वाचा: कथा किती आहेत, त्यांतल्या किती नव्या नावांच्या आहेत, विषय कसे आहेत. मग एक कथा निवडून तिचे शब्द मोजा. मासिकाच्या आकाराच्या, दोन रकान्यांच्या पानात चित्र नसेल तर साधारण 500 ते 600 शब्द बसतात. म्हणजे शीर्षक आणि चित्र धरून 3000 शब्दांची कथा सहा-सात पानं घेते. नवोदिताची 8000 शब्दांची कथा पंधरा-सोळा पानं मागते, आणि जाहिराती वाढल्या की कात्री आधी तिलाच लागते.

आता फाइल. इथे जरा थांबायला हवं, कारण सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो.

कथा युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारखीच दिसणाऱ्या अक्षरांत, टाइप करा. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमधली फाइल दुसऱ्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन उघडते. फाँट बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढली तरी रफार सरकतात आणि ‘ऱ्या’ची ‘र्या’ होते. मग ‘दऱ्या’ लिहिलेलं ‘दर्या’ छापून येतं आणि डोंगरातली कथा समुद्रावर जाते. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कळफलकावर हा ‘ऱ’ शिफ्ट दाबून ‘जे’ने उमटतो आणि अक्षराचा पाय मोडायला, म्हणजे हलन्तासाठी, ‘डी’ दाबायचा.

विसर्गाच्या जागी कोलन टाइप करायची सवय असेल तर ती मोडा. ‘दु:ख’ आणि ‘दुःख’ पडद्यावर सारखे दिसतात, पण कोलन हे विरामचिन्ह असल्यामुळे ओळीच्या टोकाला शब्द तुटू शकतो आणि शोधातही तो सापडत नाही. बोलून टाइप केलं असेल तर प्रत्यय सुटे पडतात: ‘मुंबई च्या’, ‘तिच्या कडे’. त्यासाठी ‘फाइंड’मध्ये आधी एक मोकळी जागा आणि मग ‘च्या’, ‘मध्ये’, ‘साठी’, ‘कडे’ असं एकेक घालून सगळी फाइल तपासा. ‘सगळं एकदम बदला’ हे बटण मात्र दाबू नका, कारण ‘साठी’ ओलांडलेला माणूसही मागच्या शब्दाला चिकटेल.

परिच्छेद सुरू करताना स्पेसबार दाबून जागा सोडू नका आणि ओळ संपली म्हणून एंटर दाबू नका. मांडणीत रकान्याची रुंदी बदलली की अशा ओळी मधेच तुटतात आणि मांडणी करणाऱ्याला त्या एकेक करून जोडाव्या लागतात. अक्षर 14 पॉइंटचं, ओळींत दीडपट अंतर, खाली पान क्रमांक, एवढं पुरे. रंग, चौकटी, नक्षी काही नको. वर्डची फाइल पाठवा आणि सोबत पीडीएफ जोडा, म्हणजे काही बिघडलंच तर मूळ काय होतं ते दिसेल. फाइलला कथेचं आणि तुमचं नाव द्या. ‘कथा फायनल 2’ अशा नावाच्या फाइली संपादकाकडे ढिगाने असतात.

सोबतचं पत्र चार-पाच ओळींचं असावं: ‘सोबत “...” ही कथा पाठवत आहे. शब्दसंख्या 3100. कथा स्वतंत्र व अप्रकाशित असून सध्या अन्यत्र पाठवलेली नाही. अमुक तारखेपर्यंत निर्णय कळवावा, ही विनंती.’ खाली नाव, पत्ता, फोन. कथेचा आशय पत्रात समजावून सांगू नका. एकच कथा एकाच वेळी दोन अंकांना पाठवणं टाळा. ती दोन्हीकडे छापून आली तर दोन्ही संपादकांची दारं बंद होतात. दिलेली तारीख उलटली की एक नम्र स्मरणपत्र पाठवा आणि तरीही उत्तर नसेल तर कथा मागे घेतल्याचं लेखी कळवून पुढच्या अंकाकडे वळा. ‘साभार परत’ आल्यावर कारण विचारत बसू नका.

कथा स्वीकारली गेली की दोन गोष्टी लगेच विचारा: मानधन किती, आणि प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायची पानं, बघायला मिळतील का? अनेक छोटे अंक मानधन म्हणून फक्त अंकाची प्रत देतात. ते चालेल की नाही हे तुम्ही ठरवा, पण छापण्याआधी. प्रूफ आलं तर चुका पान, रकाना, ओळ अशा क्रमाने लिहून पाठवा. तिथे नवीन वाक्यं सुचवू नका, कारण दोन ओळी वाढल्या की पुढची पानं सरकतात.

हक्कांबद्दल नव्या लेखकांनी फार जागरूक राहायला हवं. कॉपीराइट कायदा 1957 नुसार कथा लिहून झाली की तिचा हक्क तुमचाच असतो. नोंदणी ऐच्छिक आहे. हा हक्क लेखकाच्या हयातीनंतर 60 वर्षं टिकतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. त्या करारात मुदत नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश नसेल तर फक्त भारत. म्हणून अंकाने कागद पुढे केला तर ‘एकदा प्रसिद्ध करण्याची परवानगी’ एवढंच द्या. ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे’ या शब्दांवर सही केली की उद्याचा कथासंग्रह, अनुवाद, ऑडिओ, एकांकिका सगळ्यांसाठी दुसऱ्याच्या दारात जावं लागेल.

दहा-बारा कथा झाल्या की संग्रहाचा विचार होतो. तिथे करारातल्या रॉयल्टीच्या, म्हणजे विक्रीतल्या लेखकाच्या वाट्याच्या, कलमावर बोट ठेवा. टक्केवारीइतकंच ती कशावर मोजायची हेही महत्त्वाचं असतं. पुस्तकाची किंमत 200 रुपये आणि रॉयल्टी 10 टक्के धरली तर छापील किमतीवर प्रतीमागे 20 रुपये मिळतात. विक्रेत्याला 40 टक्के सवलत दिल्यावर उरलेल्या रकमेवर मोजली तर 12 रुपयेच. पाचशे प्रतींच्या आवृत्तीत हा फरक 4000 रुपयांचा होतो.

प्रकाशक तुमच्याकडेच छपाईचे पैसे मागत असेल तर ते वाईटच असं नाही, पण प्रती किती छापणार, त्या कुणाच्या ताब्यात राहणार आणि विक्रीचा हिशेब वर्षातून किती वेळा मिळणार हे कागदावर घ्या. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचे, वेगळे पैसे मागितले तर नकार द्या. भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी तो विनाशुल्क देते, आणि स्वतः प्रकाशन करणाऱ्या लेखकालाही तो मिळतो. शिवाय महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. पैसे भरून पुस्तक काढण्याआधी तिची जाहिरात कधी निघते यावर लक्ष ठेवा आणि तोवर हस्तलिखिताची स्वच्छ, पान क्रमांक घातलेली एक प्रत तयार ठेवा.