जुना हार्वेस्टर ओढत नाही? या चुका टाळा

गिअर टाकला, क्लच सोडला, तरी हार्वेस्टर जागचा हलत नाही, किंवा चढावर दम तोडतो. अशा वेळी पहिला संशय गिअरबॉक्सवर किंवा पंपावर घेऊन तो खोलायला बसणे, ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

आधी इंजिनचा आवाज ऐका. वेग कमी होताना इंजिनही दबत असेल, तर डिझेल फिल्टर, एअर फिल्टर किंवा चिकटलेला ब्रेक बघा. इंजिन मोकळेपणाने फिरतेय आणि मशीन मात्र मागे पडतेय, याचा अर्थ ताकद मध्येच कुठेतरी निसटतेय. मग ती ज्या वाटेने चाकापर्यंत जाते, त्याच क्रमाने तपासा. हात लावण्याआधी कटरबार (पुढचा कापणीचा भाग) खाली टेकवा, चाकांना ठोकळ्याची उटी लावा, इंजिन बंद करून चावी खिशात ठेवा.

पट्टा घसरतोय म्हणून तो आणखी ताणणे ही दुसरी चूक. व्ही पट्टा पुलीला कडांनी धरतो, तळाने नाही. पट्टा खाचेच्या तळाला टेकला असेल आणि तळ घासून चकाकत असेल, तर पट्टा तरी झिजलाय किंवा पुली तरी. ताण वाढवून फक्त बेअरिंगचे आयुष्य कमी होते. पट्ट्यावर राळ किंवा चिकट स्प्रे मारणे हाही इलाज नव्हे. तेल लागले असेल तर कुठले सील गळतेय ते शोधा. जोडीने चालणारे पट्टे जोडीनेच बदला, नाहीतर नव्या पट्ट्यावर सगळा भार येतो.

बऱ्याच जुन्या मशीनमध्ये वेग कमी-जास्त करायला व्हेरिएटर पुली असते. तिचा सरकणारा अर्धा भाग भुसा आणि वाळलेल्या ग्रीसने जाम होतो आणि वेग एकाच जागी अडकतो. ग्रीस द्या, पण बेताने, कारण जास्तीचे ग्रीस थेट पट्ट्यावर उडते. वेगाचा दांडा पट्टा फिरत असतानाच हलवा. मशीन उभे असताना तो जोर लावून ओढणारे पट्टा आणि जोडण्या दोन्ही खराब करतात.

पुली फिरते, शाफ्ट फिरत नाही, असेही घडते. पुलीला शाफ्टवर पक्की धरणारी आतली चावी, म्हणजे धातूची छोटी पट्टी, तुटलेली असते. पुली आणि शाफ्टवर मिळून रंगाची एक सरळ रेघ मारा. थोडे चालवून, इंजिन बंद करून बघा. रेघ तुटलेली दिसली की दोष सापडला.

हायड्रोस्टॅटिक ड्राइव्हचे, म्हणजे जिथे पंपाच्या दाबाखालचे तेल मोटर फिरवते आणि तिच्यावर चाके चालतात, त्याचे निदान वेगळे. दोन्ही दिशांना ताकद कमी असेल तर तेलाची पातळी, फिल्टर, सक्शन पाइपमधून शिरणारी हवा आणि चार्ज प्रेशर (मुख्य पंपाला तेल पुरवणाऱ्या छोट्या पंपाचा दाब) तपासा. फक्त पुढे किंवा फक्त मागे अडचण असेल, तर बहुधा त्या बाजूचा रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) किंवा लिव्हरची जोडणी. थंड असताना ठीक आणि तापल्यावर ढिले पडत असेल, तर आधी भुशाने भरलेला कूलर साफ करा. त्यानंतरही तसेच राहिले, तरच पंप किंवा मोटर आतून झिजल्याचा संशय धरा. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी किंवा हवा आहे, नुसती भर घालून भागणार नाही.

पंप खरेच गेला असेल, तर फक्त नवा बसवून गाडी सुरू करू नका. जुन्याचा धातूचा चुरा पाइप, कूलर आणि टाकीत पसरलेला असतो. तो धुऊन काढला नाही, तर नवा पंपही तसाच जातो. आणि बंद मशीन ओढून न्यायचे असेल, तर गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये ठेवल्याशिवाय ते हलवू नका.