स्टाइल भारी, पण आत काय? हा वाद नीट कसा घालावा

‘बे म्हणजे नुसते स्फोट.’ ‘स्नायडर म्हणजे नुसतं स्लो मोशन.’ ‘नोलन म्हणजे उगाच डोक्याला ताप.’ मायकल बे, झॅक स्नायडर आणि क्रिस्टोफर नोलन या हॉलिवूडच्या दिग्दर्शकांवरच्या या तीन वाक्यांवर लोक रात्र रात्र भांडतात आणि सकाळी जिथल्या तिथेच असतात. मी पोटापाण्यासाठी एडिटिंग करते, म्हणून मला अशा भांडणांत पंच म्हणून बसवलं जातं. बसल्यावर पाच मिनिटांत लक्षात येतं की सिनेमाबद्दल कोणीच बोलत नाहीये. एकाचं सगळं दिग्दर्शकाच्या नावावर चाललंय, दुसरा गोष्टीचा सारांश सांगतोय, तिसरा गल्ल्याचे आकडे फेकतोय. वाद जरूर घालावा, सिनेमा बघण्याची निम्मी मजा त्यातच आहे. फक्त जरा पद्धतशीर घालावा. माझी पद्धत सांगते.

माणूस सोडा, सीन धरा

‘मायकल बे पोकळ आहे का?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘या सिनेमातल्या या चार मिनिटांत कॅमेरा काय करतोय?’ या प्रश्नाला आहे. म्हणून वादाआधी दोन्ही बाजूंनी एक सीन ठरवायचा, तो तिथेच लावायचा, दोनदा बघायचा आणि मग तोंड उघडायचं.

सरावासाठी मी नेहमी स्पीलबर्गच्या ‘जॉज’मधला (१९७५) किनाऱ्यावरचा सीन देते. पोलीसप्रमुख ब्रोडी वाळूत बसलाय. पाण्यात शार्क आहे याची त्याला धास्ती आहे, पण सीझन बुडेल म्हणून महापौर किनारा बंद करू देत नाही. आता बघा. पोहायच्या कपड्यांतली माणसं कॅमेऱ्यापुढून आडवी जातात आणि माणूस सरकला की आपण ब्रोडीच्या आणखी जवळ आलेलो असतो. कट, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर जायच्या जागा, त्या माणसांच्या अंगाआड लपवलेत. मग कोणीतरी येऊन नेमकं पाण्याच्या आड उभं राहून ब्रोडीशी बोलायला लागतं, आणि ब्रोडी हो-ला-हो करत त्याच्या खांद्यावरून समुद्राकडे बघत राहतो. कुत्र्यासाठी फेकलेली काठी पाण्यावर तरंगताना दिसते, कुत्रं कुठे दिसत नाही. आणि हल्ला झाला की तो गाजलेला शॉट येतो: कॅमेरा पुढे, झूम मागे, ब्रोडीचा चेहरा जागच्या जागी आणि त्याच्या पाठीमागचा किनारा ताणला गेलेला.

धोका एकट्याला कळलाय आणि अख्खं गाव त्याच्या नजरेच्या आड येतंय. सिनेमाचा निम्मा आशय इथे आहे आणि तो एकाही संवादात नाही. शेवटच्या शॉटची युक्ती स्पीलबर्गने शोधलेली नाही. हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’त ती १९५८ सालीच येऊन गेली होती. तिथे ती उंचीच्या भीतीसाठी होती. इथे ‘मी हे थांबवायला हवं होतं’ या जाणिवेसाठी आहे. युक्ती उसनी आहे का, हे विचारून फारसं काही हाती लागत नाही. कशासाठी आणली, हे विचारा.

एक गोष्ट काढून बघा

सीन ठरला की त्यातली सगळ्यात डोळ्यांत भरणारी करामत मनातल्या मनात काढून टाका. स्लो मोशन असेल तर साध्या वेगात आणा. काळाची उलटापालट असेल तर सरळ क्रमाने लावा. मग विचारा: सीन नुसता कमी देखणा झाला, की त्याचा अर्थच बदलला? पहिलं उत्तर आलं तर ती सजावट. दुसरं आलं तर स्टाइल आणि आशय वेगळे काढताच येणार नाहीत.

नोलनचा ‘डंकर्क’ (२०१७) या चाचणीला फार चांगला. दुसऱ्या महायुद्धात डंकर्कच्या किनाऱ्यावर अडकलेल्या सैनिकांच्या सुटकेची ही गोष्ट. जमिनीवरचा एक आठवडा, समुद्रावरचा एक दिवस आणि आकाशातला एक तास, असे तीन धागे त्यात एकमेकांत विणलेत. किलियन मर्फीने केलेला सैनिक आपल्याला आधी भेटतो तो बुडालेल्या जहाजावरून वाचलेला, थरथरणारा, परत डंकर्कला जायचं नाव काढताच बिथरणारा. त्यानंतर बऱ्याच वेळाने, रात्रीच्या प्रसंगात, तोच माणूस होडीत बसून पाण्यातल्या पोरांना शांत राहायला सांगताना दिसतो. आवाज एकदम ताब्यात. काळाच्या हिशेबात हा प्रसंग आधीचा, पण दिसतो नंतर. सरळ क्रमाने लावलं असतं तर ‘धीट माणूस खचला’ एवढीच गोष्ट झाली असती. या क्रमात आपण त्याला भेकड ठरवून मोकळे झालेलो असतो आणि मग तो धीट माणूस समोर येतो. म्हणजे ‘उगाच डोक्याला ताप’ हा आरोप इथे टिकत नाही.

‘टेनेट’वर (२०२०) मात्र तो टिकतो, असं मला वाटतं. तिथे क्रम उलटवल्याने कोणा माणसाबद्दल माझं मत बदलत नाही. वर संवाद संगीतात बुडालेले, अशी तक्रार अनेक प्रेक्षकांनी केली होती आणि मीही त्या अनेकांतली एक. दिग्दर्शक तोच, करामतही त्याच जातीची, निकाल दोन. म्हणून तर माणूस सोडा म्हटलं.

आवाज बंद, डोळे उघडे

हा माझ्या धंद्यातला जुना उपाय. ॲक्शन सीन आवाज बंद करून बघा. कोण कुठे आहे, कोणाला काय हवंय आणि मध्ये काय आडवं येतंय, हे तीन प्रश्न चित्रावरच सुटले तर काम पक्कं आहे. संगीत थांबताच सीन विझला, तर इतका वेळ तुम्हाला कोण ओढत होतं ते कळेल.

याच उपायाने एक लाडकी समजूतही मोडते: कट भराभर म्हणजे सिनेमा उथळ. १९३० ते १९६० च्या हॉलिवूडमध्ये शॉट सरासरी ८ ते ११ सेकंद टिकायचा, असं डेव्हिड बॉर्डवेल या अभ्यासकाने मांडलंय. जॉर्ज मिलरच्या ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’मध्ये (२०१५) दोन तासांत सुमारे २७०० शॉट आहेत, म्हणजे शॉटमागे तीन सेकंदही नाहीत. तरी डोळा भरकटत नाही, कारण महत्त्वाची वस्तू जवळपास प्रत्येक वेळी फ्रेमच्या मध्यभागी ठेवलीय. कट झाला तरी नजर जागेवरून हलवावी लागत नाही. एडिटर मार्गारेट सिक्सेल यांनी सुमारे ४८० तासांच्या चित्रणातून हा सिनेमा काढला. एवढा ढीग म्हटलं की माझ्या मानेला आत्तापासून रग लागते.

आणि त्यात आशय कुठंय म्हणाल, तर रात्रीचा बंदुकीचा प्रसंग बघा. शत्रू सर्चलाइट घेऊन मागावर आहे, गोळ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. नायक मॅक्स नेम धरतो, हुकतो. परत धरतो, परत हुकतो. शेवटची गोळी उरते. मागे नायिका फ्युरिओसा उभी आहे. तो वळून बंदूक तिच्या हातात देतो. ती नळी त्याच्याच खांद्यावर टेकवते, श्वास रोखायला सांगते आणि बार काढते. दिवा फुटतो. थोड्या वेळापूर्वी ही दोघं एकमेकांच्या जिवावर उठली होती. आता एकाच्या कानाशी दुसरीची बंदूक आहे आणि तो हलत नाही. विश्वासावर भाषण नाही, मैत्रीची शपथ नाही, दोन शब्दांत काम झालं.

‘असं कधी होतं का?’ हा प्रश्नही याच वेळी बाजूला ठेवा. राजामौलीच्या ‘आरआरआर’मध्ये (२०२२) पुलावरून दोरीने झोके घेत दोन अनोळखी माणसं एका मुलाला वाचवतात. पदार्थविज्ञानाचा तास घ्यायला तिथे भरपूर वाव आहे. पण राम आगीचा आणि भीम पाण्याचा, हे सिनेमाने आधीच पाट्या लावून सांगितलेलं असतं. ओला झेंडा अंगाभोवती घेऊन भीम ज्वाळांतून जातो, मग दोघांचे हात एकमेकांत गुंततात आणि तेव्हा कुठे सिनेमाचं नाव पडद्यावर येतं. आग आणि पाणी यांची दोस्ती, जी पुढे तुटायची आहे, ती एकमेकांची भाषणं न ऐकता ठरली. ढोबळ आहे? आहेच. ढोबळ आणि पोकळ यांत फरक करायला शिकलं की निम्मी भांडणं मिटतात.

ओळखू येणं म्हणजे चांगलं असणं नव्हे

हे भांडण आपल्या पिढीचं नाही. दिग्दर्शकाची सही प्रत्येक सिनेमात ओळखू येते का, या निकषाला अँड्र्यू सॅरिस या समीक्षकाने १९६२ साली बरंच वजन दिलं. पुढच्याच वर्षी पॉलिन केल या समीक्षक बाईने त्याला झोडपलं. तिच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की स्कंक या घाण वास सोडणाऱ्या प्राण्याचा दर्प गुलाबाच्या वासापेक्षा चटकन ओळखू येतो, म्हणून तो जास्त चांगला का? ‘एका फ्रेमवरून कळतं हा कोणाचा सिनेमा आहे!’ असं कोणी छाती फुगवून म्हणालं की मी केलबाईंचा हा प्रश्न पुढे सरकवते.

बेच्या बाबतीत तो उपयोगी पडतो. ‘बॅड बॉइज’मध्ये (१९९५) दोन नायक खालून वर उठतात आणि कॅमेरा त्यांच्याभोवती गरगर फिरतो. शॉट झकास आहे, त्याबद्दल वाद नको. पुढचं, मधलं आणि मागचं दृश्य वेगवेगळ्या वेगाने सरकतं, म्हणून दोघं डोंगराएवढे वाटतात. असं काही उभं करणं येरागबाळ्याचं काम नाही. पण त्याच्या सिनेमांत माणूस नुसता फोन घ्यायला उठला तरी कॅमेरा जग वाचवायला निघाल्यासारखा खालून वर येतो. प्रत्येक वाक्य अधोरेखित केल्यावर महत्त्वाचं कुठलं ते कळायचं कसं? त्यामुळे ‘बेकडे आशय नाही’ असं न म्हणता ‘बे सगळ्याला सारखंच वजन देतो’ असं म्हणा. हा आरोप सीन दाखवून सिद्ध करता येतो, आणि समोरच्यालाही सीन दाखवून खोडता येतो.

समोरच्याचा सगळ्यात चांगला मुद्दा मागून घ्या

माझा मावसभाऊ स्नायडरचा कट्टर भक्त. त्याच्याशी वाद घालताना मी आधी त्याला पूर्ण बोलू देते.

“ताई, ‘३००’मध्ये स्लो मोशन का आहे सांग.”

“पोटाचे स्नायू दिसावेत म्हणून.”

“चेष्टा नको गं. ती गोष्ट सांगतोय कोण? डिलिओस, राजाचाच सैनिक. कोणाला? लढाईला निघालेल्या सैनिकांना. तो फुगवूनच सांगणार ना? शत्रू राक्षसासारखे, आपला राजा देवासारखा. जे दिसतं ते त्याच्या तोंडचं आहे.”

हा मुद्दा वजनदार आहे. काढून बघायची चाचणी लावली तरी तगतो: साध्या वेगात ती गोष्ट बातमी होईल, पोवाडा राहणार नाही. माझं उत्तर एवढंच, की सांगणारा फुगवतोय हे सिनेमाला ठाऊक असेल, तर कुठेतरी एखादी फट दिसायला हवी होती. शेवटी ऐकणारे सैनिक गर्जना करत धावत सुटतात आणि सिनेमाही त्यांच्याबरोबर तितक्याच जोमाने धावतो. यावर तो म्हणतो की पोवाड्यात फट शोधणारी तूच एक. यापुढे आमचं अजून काही ठरलेलं नाही. पण भांडण निदान एका नेमक्या जागेवर येऊन थांबलंय: शेवटच्या गर्जनेवर.

काही मुद्दे दाराबाहेर

गल्ला: किती जणांनी तिकीट काढलं एवढंच त्यातून कळतं. पुरस्कार: तेच. प्रतिष्ठेचे शिक्केही नकोत. अभिजात सिनेमे जपून काढणाऱ्या क्रायटेरियनच्या यादीत बेचा ‘आर्मागेडन’ आहे, आता बोला. ‘डोकं बाजूला ठेवून बघ’ हा बचाव नाही, कबुली आहे. ‘तुला कळलाच नाही’ म्हणणाऱ्याने काय कळायचं राहिलं ते दोन वाक्यांत सांगावं, नाहीतर पुढच्या फेरीत गप्प बसावं. विषयाचा मोठेपणाही चालणार नाही. युद्ध, मृत्यू, काळ, ईश्वर असे विषय घेऊनही सिनेमा रिकामा असू शकतो, आणि शार्क घेऊन भरलेला.

मोबाइलवरच्या तुकड्यांवरून तर मत देऊच नये. ‘जस्टिस लीग’ची स्नायडरची २०२१ ची आवृत्ती जवळपास चौकोनी फ्रेममध्ये आहे आणि चार तासांची आहे. ती उभ्या स्क्रीनवर चाळीस सेकंद बघून ‘नुसतं स्लो मोशन’ म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही. चार तास बसून मग तेच म्हणणाऱ्याचं ऐकून घेते. कधीकधी त्याचं पटतंही.

पहिली बैठक घालायची असेल तर दोनच सिनेमे घ्या: ‘फ्युरी रोड’ आणि ‘ट्रान्सफॉर्मर्स’ (२००७). दोन्हींतला शेवटचा मोठा संघर्ष, प्रत्येकी दहा मिनिटं, आधी आवाज बंद करून, मग आवाजासकट. बघताना लिहायचं नाही, नाहीतर लोक पडद्याऐवजी वहीकडे बघतात. बोलताना ज्याचा जो लाडका दिग्दर्शक, त्याने सुरुवातीला त्याच्यातला एक कच्चा सीन स्वतः काढून द्यायचा. नोलनच्या बाजूने मी ‘टेनेट’ दिलाच आहे. मावसभाऊ अजून शोधतोय.