लिब्रेऑफिसला हातभार लावायचाय? आधी बग तपासा

लिब्रेऑफिस म्हणजे कागदपत्रं, तक्ते वगैरे बनवायचं मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. ते २०१० साली ओपनऑफिस या तशाच सॉफ्टवेअरपासून वेगळं झालं, पण त्याचा कोड त्याहून खूप जुना. बराचसा सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंग भाषेत. नवखा माणूस तो उतरवून घेतो, पहिला बिल्ड (कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवणं) तासन्‌तास चाललेला बघतो आणि पुन्हा तिकडे फिरकत नाही. म्हणून सुरुवात बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधले दोष, तपासण्यापासून करावी. त्याला प्रोग्रॅमिंग लागत नाही, आणि रोज मराठी टाइप करणाऱ्याची नजर तिथे खरंच कामी येते.

लिब्रेऑफिसची ताजी आवृत्ती घ्या आणि प्रकल्पाच्या बगझिलावर, म्हणजे बगच्या तक्रारी नोंदवायच्या साइटवर, खातं उघडा. तिथे ‘अनकन्फर्म्ड’ अवस्थेतल्या तक्रारी शोधा, म्हणजे ज्यांची खातरजमा अजून कुणी केलेली नाही. शोधताना ‘देवनागरी’ किंवा ‘मराठी’ हे शब्द इंग्रजी अक्षरांत टाका.

तक्रारीसोबतची फाइल उघडा आणि सांगितलेल्या पायऱ्या जशाच्या तशा करून पाहा. ‘तऱ्हा’मधला ऱ्ह तुटतोय का? जोडाक्षरात कर्सर भलतीकडे जातोय का? ल आणि श हिंदी वळणाचे दिसत असतील तर मात्र घाई नको. काही फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडलेली असेल तरच मराठी वळण उमटतं. तेव्हा आधी ती सेटिंग बघा.

दोष नेमका कुणाचा, हे ठरवण्याची एक सोपी युक्ती आहे. तोच मजकूर त्याच फाँटमध्ये फायरफॉक्समध्ये उघडा. अक्षरं जुळवण्याचं काम दोन्हीकडे हार्फबझ ही लायब्ररी करते. तिथेही तसंच तुटलं तर संशय फाँटवर जातो. फक्त लिब्रेऑफिसमध्ये तुटलं, तर हेल्प मेनूमधून सेफ मोडमध्ये पुन्हा सुरू करून पाहा. कधी कधी आपलीच जुनी प्रोफाइल, म्हणजे साठवलेल्या सेटिंग्ज, बिघडलेली असते.

मग तक्रारीखाली लिहा: काय केलं, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं. फाँटचं नाव द्या. हेल्पमधल्या ‘अबाउट’ खिडकीत आवृत्तीची माहिती कॉपी करायचं बटण आहे, ती सगळी चिकटवा. बग दिसला तर अवस्था ‘न्यू’, म्हणजे खातरजमा झालेली, करा. नाही दिसला तरी तसं नोंदवा, तेही काम आहेच. स्वतः नोंदवलेला बग मात्र स्वतःच ‘न्यू’ करायचा नाही, दुसऱ्या कुणीतरी पडताळायला हवा. आणि जोडलेली फाइल सगळ्या जगाला दिसते, तेव्हा सोसायटीच्या सभासदांची यादी नमुना म्हणून चढवू नका!

भाषांतर करायचं असेल तर ते वेबलेट या भाषांतराच्या साइटवर चालतं.

असे बरेच बग तपासले की कोड कुठे अडतो याचा अंदाज येऊ लागतो. तेव्हा बगझिलावर ‘इझीहॅक’ हा कीवर्ड शोधा. नवख्यांसाठी ठेवलेली कामं त्यात सापडतात. कोडमधला बदल घ्या म्हणून गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर पुल रिक्वेस्ट (विनंती) पाठवू नका, तिथे कोडची फक्त प्रत असते. पॅच, म्हणजे आपण केलेला बदल, जातो गेरिट या कोड तपासायच्या साइटवर. आपलं काम प्रकल्पाच्या लायसन्सखाली देत असल्याचं एक छोटं निवेदनही एकदाच पाठवावं लागतं. कमिटच्या, म्हणजे बदलाच्या नोंदीच्या, मथळ्यात बगचा नंबर घाला. तपासणाऱ्याने बदल सुचवले तर नवा कमिट जोडायचा नाही. जुनाच ‘अमेंड’ करून, म्हणजे दुरुस्त करून, पुन्हा पाठवायचा. चेंज-आयडी, म्हणजे कमिटमध्ये लिहिलेला बदलाचा ओळख क्रमांक, तोच राहिला की गेरिट त्याला त्याच पॅचची पुढची आवृत्ती धरतं.