अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला हा अधिकार आहे का? बातमी अशी तपासा

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी करार केला, निर्बंध लादले, सैन्य पाठवलं अशी बातमी आली की आधी तिचं क्रियापद बघा. ‘जाहीर केलं’, ‘सही केली’ आणि ‘लागू झालं’ यांत महिन्यांचं, कधी वर्षांचं अंतर असतं.

करार असेल तर तो सिनेटपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहापुढे, जाणार का, हे शोधा. रीतसर तहाला हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात. सिनेटचे शंभरही सदस्य हजर असतील तर 67. पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह अध्यक्ष विल्सन यांनी स्वतः वाटाघाटी करून आणला, तरी सिनेटने 1919 आणि 1920 मध्ये तो नाकारला. नुसत्या अध्यक्षीय सहीवरचा करार झटपट होतो आणि तसाच मोडतोही. इराण अणुकरार 2015 मध्ये झाला आणि 2018 मध्ये पुढच्या अध्यक्षांनी त्यातून अंग काढून घेतलं.

अध्यक्षीय हुकूम असेल तर त्याचा पहिला परिच्छेद वाचाच. कोणत्या कायद्याच्या आधारे तो काढला, हे तिथेच लिहिलेलं असतं. कायद्याचं नाव नसेल, फक्त राज्यघटनेचा हवाला असेल, तर पाया कच्चा असू शकतो. कोरियन युद्ध चालू असताना अध्यक्ष ट्रुमन यांनी पोलाद कारखाने ताब्यात घेतले आणि 1952 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परत द्यायला लावले. तेव्हा न्या. जॅक्सन यांनी दिलेली कसोटी आजही वापरतात: काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, संमती असेल तर अध्यक्षांचं बळ सर्वांत जास्त, ती गप्प असेल तर धूसर, आणि तिच्या इच्छेविरुद्ध असेल तर सर्वांत कमी. काही बाबी मात्र अध्यक्षांच्या एकट्याच्या आहेत. परदेशाला मान्यता देणं ही त्यांतली एक. न्यायालयाने 2015 मध्ये ते स्पष्ट केलं.

आपल्या तारापूरचंच बघा. 1963 च्या करारानुसार अणुभट्ट्यांना इंधन अमेरिकेने द्यायचं होतं. मग 1978 मध्ये काँग्रेसने अण्वस्त्र प्रसारबंदीचा नवा कायदा केला आणि पुरवठा अडकला. 1980 मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी 38 टन इंधन पाठवायला मंजुरी दिली. दोन्ही सभागृहांनी नकार दिला असता तर ते थांबलं असतं. प्रतिनिधिगृहाने, म्हणजे कनिष्ठ सभागृहाने, 298 विरुद्ध 98 असा नकार दिलाही, पण सिनेटमध्ये कार्टर 48 विरुद्ध 46 असे तरले. करारावर सही कोणाचीही असो, इंधन निघणार की नाही हे दोन मतांवर ठरलं.

आता काँग्रेसला इतक्या सहज अडवता येत नाही. अध्यक्षांकडे न पाठवता केलेल्या ठरावाने त्यांचा निर्णय रद्द करण्याची पद्धत न्यायालयाने 1983 मध्ये घटनाबाह्य ठरवली.

याचा सगळ्यात मोठा फटका युद्धाच्या बाबतीत बसतो. 1973 च्या कायद्याप्रमाणे सैन्य लढाईत उतरवल्यावर 48 तासांत काँग्रेसला लेखी कळवावं लागतं. तसं कळवलं किंवा कळवायला हवं होतं त्या दिवसापासून कॅलेंडरवर 60 दिवस मोजा. तोवर संमती मिळाली नाही तर सैन्य परत, त्यासाठी फार तर आणखी 30 दिवस. गफलत इथेच होते: 2011 मध्ये लिबियात 60 दिवस उलटले, तेव्हा ओबामा प्रशासनाने ही कायद्याच्या अर्थाने ‘लढाई’च नाही अशी भूमिका घेतली.

येमेन युद्धातून बाहेर पडण्याचा ठराव 2019 मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झाला. ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरला. तो उलटवायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. सिनेटमध्ये पडली 53 विरुद्ध 45, म्हणजे बहुमत असूनही ठराव बारगळला. म्हणून मतदानाची बातमी वाचताना 51 वर थांबू नका. सगळे हजर असतील तर सिनेटमध्ये 67 आणि प्रतिनिधिगृहात 290 होतात का, ते मोजा.