पावसात घरात अडकलेल्या दोन वर्षांच्या पोराला कसं गुंतवलं (माझा अनुभव)

कोल्हापुरात जुलैचा पाऊस एकदा बसला की रंकाळा बंद, बाग बंद, आणि आमचं पोरगं दोन वर्षांचं, मोबाईल काढून घेतला की घर डोक्यावर घेतंय. डब्ल्यूएचओनं २०१९ मध्ये सांगितलंय की या वयात दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको. बरं मग बाकीचा दिवस?

सगळ्यात जास्त चाललं ते पाणी. बाथरूममध्ये परातीत थोडंसं पाणी, दोन वाट्या, चहाची गाळणी, जुना स्पंज, बास, इकडचं तिकडं ओतत बसतंय आणि मी दारातच पाट टाकून भाजी निवडते, कारण दोन बोटं पाणी असलं तरी लहान पोराला एकटं सोडायचं नाही म्हणजे नाही.

मग कणीक. थोडी हळद, थोडं बीटाचं पाणी घालून मळायची, मीठ घातलं की टिकते म्हणे पण आमचं सगळं तोंडात घालतंय म्हणून बिनमिठाची, संध्याकाळी टाकून द्यायची. सासूबाई बेंदराच्या बैलांसारखे बैल करून देतात, शिंगं हा लगेच मोडतो.

शेंगदाणे, हरभरे, बटणं असलं बारीक काही देऊ नका, घशात अडकतंय. त्यापेक्षा कांदे-बटाटे वेगळे करायला द्या, लई मन लावून करतात! आणि निम्मी खेळणी माळ्यावर टाका, आठवड्यानं बदला, जुनीच नवी वाटतात त्यांना.