पहिली देणगी आली, दुसरी का येत नाही? डोनर सांभाळायच्या कामात नव्याने आलेल्यांसाठी

पावती कशी काढायची, प्रपोजल कसं लिहायचं, हे तुम्हाला येतं असं धरून चालते. हे लिहितेय ते संस्थेत ज्यांच्या गळ्यात नुकतंच "आपले डोनर आता तू बघ" हे काम पडलंय त्यांच्यासाठी. मी बरीच वर्षं हेच करतेय, तरी वर्षअखेर जवळ आली आणि नेहमीच्या दोन-चार नावांपुढचा रकाना रिकामा दिसला की अजूनही पोटात गोळा येतो. तुम्हालाही येईल. त्यावरून आपल्याला हे काम जमत नाही असं ठरवून टाकू नका.

आता ज्यात मी अडकले ती गोष्ट, आणि ही जरा सविस्तरच सांगते. गेल्या वर्षी दिलेल्यांपैकी यंदा पुन्हा किती जणांनी दिलं ते रिटेन्शन, एवढं सगळ्यांना पाठ असतं. गोची अशी की संस्था सगळ्या डोनरांचा मिळून एकच आकडा काढतात. समजा गेल्या वर्षी २०० डोनर होते, त्यातले ११८ यंदा परत आले, म्हणजे ५९ टक्के, मीटिंगमध्ये सगळे खूश. आता हेच २०० दोन गटांत मोडा. १३० जुने, ७० पहिल्यांदाच देणारे. जुन्यांतले १०४ आले, म्हणजे ८० टक्के. नव्यांतले आले फक्त १४, म्हणजे २० टक्के. दर पाच नव्या माणसांतली चार निघून गेली आणि ५९ च्या आकड्यात ते कोणाला दिसलंच नाही.

पुढचं वर्ष बघा. मोठं कॅम्पेन झालं, १५० नवीन डोनर आले. ते आणि परत आलेले ११८ मिळून २६८. तुमचं काम तेच, ८० आणि २० टक्केही तेच, तरी त्यानंतरच्या वर्षी जुन्यांतले साधारण ९४ आणि नव्यांतले ३० परत येणार, म्हणजे २६८ पैकी १२४, झाले ४६ टक्के! कामात काडीचाही फरक नाही आणि आकडा ५९ वरून ४६ वर, मग बोलणी कोणाला बसणार ते सांगायला नको. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन आकडे वेगळे काढा, नव्यांचा आणि जुन्यांचा, कोणी मागो न मागो. वर २० टक्के धरलेत तेही उगाच नाही, अमेरिकेत फंडरेझिंग इफेक्टिव्हनेस प्रोजेक्ट हीच मोजणी वर्षानुवर्षं करतं आणि तिथेही पहिल्यांदा देणाऱ्यांतले साधारण इतकेच परत येतात, एकूण आकडा पन्नाशीच्या आतच असतो. तेव्हा गळती फक्त तुमच्याकडेच आहे असं समजून खचू नका, पण हातावर हात ठेवून बसूही नका.

नव्या माणसाच्या बाबतीत सगळा जोर दुसऱ्या देणगीवर लावा, कारण दोनदा दिलेला माणूस टिकायची शक्यता बरीच वाढते. पावती आणि आभार एक-दोन दिवसांत गेलेच पाहिजेत आणि त्या आभारात पुढची मागणी घुसडू नका, अजिबात नाही. "आपल्या उदार सहकार्याबद्दल संस्था आपली ऋणी आहे" हे वाक्य तर काढूनच टाका, ते कोणालाही पाठवता येतं म्हणून कोणालाच लागू पडत नाही. त्यापेक्षा असं लिहा: "तुम्ही वाचनालयासाठी पाठवलेले पैसे मिळाले. मोठ्या अक्षरांची पुस्तकं कमी पडत होती, ती आता घेतोय. मुलांच्या हातात पडली की कळवते." खाली खऱ्या माणसाचं नाव आणि फोन. आणि मग खरंच कळवा हो, संस्थेतले लोक बहुतेक तिथेच कमी पडतात, कारण पुस्तकं येईपर्यंत दुसरं कॅम्पेन सुरू झालेलं असतं.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. आभाराचे फोन एजन्सीकडून करून घेतले की डोनर टिकतात असं ठासून सांगणारे भेटतील. आन्या सामेक आणि चक लॉंगफिल्ड यांनी अमेरिकेत काही लाख नव्या डोनरांवर हे तपासलं, २०२३ मध्ये तो अभ्यास छापून आला, फोन केलेल्या आणि न केलेल्या लोकांच्या देण्यात फरकच पडला नाही. आता याचा अर्थ फोन करू नका असा मी घेत नाही. कागद बघून वाचलेले आभार समोरच्याला कळतात, एवढाच घेते. डोनरांना कप आणि पेनं वाटायच्याही मी विरोधात आहे, आमचे पैसे यात घालवता का असं डोनर तोंडावर विचारतात आणि ते बरोबरच विचारतात.

शिकायचं असेल तर मोठ्या सल्लागारापेक्षा तुमच्याच ऑफिसात पावत्या लिहिणाऱ्या जुन्या माणसाशेजारी बसा. कोण आईच्या स्मरणार्थ देतं, कोणाला स्टेजवर नाव घेतलेलं चालत नाही, हे त्यांच्या डोक्यात असतं आणि ते रिटायर झाले की सगळं जातं. एक्सेलमध्ये "का दिलं" असा एक रकाना करा आणि त्यांना विचारून भरत जा. सॉफ्टवेअर नंतर घ्या, रिकामा रकाना त्यातही रिकामाच राहतो.

जुन्या डोनरांना दर वेळी नवीन काही दाखवावं लागत नाही, आपण लक्षात आहोत एवढं त्यांना कळलं पाहिजे. दहा वर्षं देणाऱ्याला "आमच्या संस्थेची ओळख" असा मेल गेला तर काय वाटेल! दरमहा देणाऱ्यांची एक साधी गोष्ट राहून जाते, कार्डची मुदत संपते, पैसे जाणं थांबतं आणि त्यांना पत्ताही नसतो. दर महिन्याला फेल झालेल्या पेमेंटची यादी काढा आणि त्याच आठवड्यात कळवा, ही माणसं सोडून गेलेलीच नसतात.

आणि ज्यांनी गेल्या वर्षी दिलं, यंदा नाही, त्यांना फोन करायला घाबरू नका. मला पहिले काही फोन लावताना घाम फुटायचा. पैशांचा विषय काढू नका, गेल्या वर्षीच्या त्यांच्या पैशांचं काय झालं ते सांगा आणि आमच्याकडून काही राहिलं का ते विचारा. बरेच जण म्हणतात, अहो राहूनच गेलं. कोणी नोकरी गेल्याचं सांगेल, तिथे फक्त ऐकून घ्या आणि पुढच्या मागणीच्या यादीतून त्यांना वगळा, कामाची खबर मात्र पाठवत राहा. कोणी "परत फोन नको" म्हणालं तर नाव त्याच दिवशी काढा, आणि व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमधूनही, कारण तिथलं हमखास विसरतं.